बॅटरी घ्यायला जाताना काटा सोबत न्या



जानेवारीत लिहिलं होतं की आमच्या नाल्याकडच्या दीड एकर हरभऱ्यात रोह्यांचा कळप शिरला आणि घाटे भरायच्या वेळीच वावर साफ करून गेला. तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं त झटका मशीन हाय ना?" हाय. मशीन तेव्हाही चांगलं होतं, आजही टकटक करतं आहे. मेली होती ती बॅटरी. संध्याकाळी मी स्वतः मीटर लावून पाहिला होता, १२.४ व्होल्ट दाखवत होता. मी निवांत घरी येऊन जेवलो. पहाटे तीनच्या सुमारास शेजारच्या जागलीवाल्याचा फोन आला तेव्हा तारेत काही नव्हतं, कॅमेरा बंद, खोपटातला दिवा बंद.

पंधरा महिन्यांची बॅटरी. कार्डावर साठ महिने लिहिलेले.

नुकसान झालं ते झालं. पण दुसऱ्या दिवशी पारावर जो सल्ला मिळाला त्यामुळं आज हे लिहितो आहे. एक जण म्हणाला, "बॅटरीबिटरी सोड, लाईनवरून सरळ एक फेज तारेला देऊन टाक." खोटं कशाला बोलू, रागाच्या भरात दोन मिनिटं माझ्याही मनात आलं. झटका मशीनचा झटका सेकंदाच्या लहानशा हिश्शापुरता येतो आणि थांबतो, जनावर दचकून मागं सरकतं. लाईनचा करंट थांबत नाही, तो धरून ठेवतो. रात्रपाळीच्या लाईटवर पाणी द्यायला निघालेला माणूस, शेजारचा सालगडी, आपलंच पोरगं, कोणीही त्या तारेला लागू शकतं. अशा बातम्या आपल्या भागात दर हंगामात वाचतो आपण. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तार जोडली जाते, आणि बऱ्याच वेळा त्याच्या आधी कुठंतरी एक बॅटरी दगा देऊन गेलेली असते. म्हणून बॅटरीच्या निवडीला मी किरकोळ खरेदी मानत नाही.

आता मूळ भांडण. आपल्याकडं सोलरची बॅटरी विकली जाते ती तीन शब्दांवर: एएच, महिने आणि "सोलर". तिन्ही शब्द स्टिकरवर असतात आणि तिन्हींतून खरं काही कळत नाही. मी पण त्या तीन शब्दांवरच घेतली होती. दुकानदार म्हणाला, "दीडशेची आहे, पाच वर्षांची गॅरंटी, डोळे मिटून न्या." मी खरंच डोळे मिटून आणली. नऊ हजारांत मिळाली म्हणून गावात सांगत फिरलो, ते वेगळंच.

बॅटरी मेल्यावर मी ती सोयाबीनच्या काट्यावर ठेवली. अडतीस किलो. दीडशे एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या वर भरते, एकट्या माणसानं उचलायची म्हटलं तर कंबर धरते. शिसं जड असतं आणि शिसं महाग असतं. बॅटरी स्वस्त करायची असेल तर शिसं कमी घालायचं, दुसरा मार्ग नाही. हे काम काटा अर्ध्या मिनिटात सांगतो. सोयाबीन विकताना आपण व्यापाऱ्याच्या काट्यावर किलोभरासाठी भांडतो आणि बॅटरी घेताना रंगीत कागद वाचतो.

वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे आत प्लेटी कसल्या आहेत. गाडीची बॅटरी आणि सोलरची बॅटरी यांत फरक शंकरपटातला बैल आणि वखराचा बैल यांच्याइतका आहे. पटाचा बैल काही सेकंद जीव तोडून पळतो. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटी भरपूर असतात, त्या इंजिन सुरू करण्यापुरता मोठा करंट देतात आणि लगेच गाडी त्यांना परत भरून टाकते. तिला रोज रात्री अर्धी रिकामी करायला लावलं की प्लेटीवरचा मसाला झडतो आणि तळाशी बसतो. ट्यूब्युलर बॅटरीत तोच मसाला नळ्यांमध्ये घट्ट धरलेला असतो, म्हणून ती रोज रिकामी होणं आणि भरणं सोसते. पटाच्या बैलाला वखराला जुंपून "बैलच वाईट निघाला" म्हणणारे आपणच. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी झटका मशीनला लावणारे तर माझ्या ओळखीत डझनभर आहेत.

आता एएच. दीडशे एएच गुणिले बारा व्होल्ट म्हणजे अठराशे वॅट-तास, १.८ युनिट. कागदावर. पण शिसं-ॲसिडची बॅटरी रोज निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हाताशी येतं ०.९ युनिट. दीडशेच्या बॅटरीचा खरा अर्थ एवढाच. त्यातही स्टिकरवर बारीक अक्षरात सी-२० लिहिलंय की सी-१० ते बघा. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरनं काढली तर दीडशे. तीच दहा तासांत काढली तर सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास येते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुतेक सी-२० वर मोजलेल्या असतात, सोलरच्या सी-१० वर. दोन्हींवर "१५०" सारखंच दिसतं. माझ्या स्टिकरवर "सोलर" मोठ्या अक्षरात होतं आणि सी-२० मुंगीएवढ्या. दुकानदार त्यावर काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

पण सगळं खापर त्या बॅटरीवर फोडणार नाही. ती मेली त्यात अर्धा दोष बाकीच्या सेटचा होता. पॅनल ३३५ वॅटचं दिलं होतं. ते साधारण ३७-३८ व्होल्टवर आणि नऊ अँपिअरवर चालतं. त्याला कंट्रोलर दिला साधा पीडब्ल्यूएम, बारा व्होल्टचा. असा कंट्रोलर पॅनलचे व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो आणि अँपिअर तेच ठेवतो. नऊ गुणिले तेरा, झाले ११७ वॅट. मी पैसे दिले ३३५ वॅटचे आणि काम मिळालं एकशेसतराचं. तिथं एमपीपीटी कंट्रोलर पाहिजे होता, जो जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. दीडशेच्या शिसं-ॲसिड बॅटरीला भरायला पंधराएक अँपिअर लागतात, माझ्या बॅटरीला भर दुपारी नऊ मिळत होते. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून अर्धपोटी होती. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटीवर पांढरा थर जमतो, सल्फेट. तो एकदा कडक झाला की निघत नाही. मग बॅटरी विश्रांतीत १२.४ दाखवते आणि लोड पडला की कोसळते. त्या संध्याकाळी मी बिनलोडाची बॅटरी मोजली आणि घरी जाऊन झोपलो.

वापराचा हिशोबही मी लावला नव्हता. तो आता लावलाय, तुम्हीही लावा. तीन दिवे नऊ वॅटचे, पाच तास: १३५. कॅमेरा सात वॅट, दिवसरात्र: १६८. झटका मशीन पाच वॅट, बारा तास: ६०. दोन मोबाईल: ३०. आणि खोपटातला जुना पंखा, पंचाहत्तर वॅट, दहा तास: ७५०. बेरीज ११४३ वॅट-तास. बॅटरीतून मिळणार ९००. सगळ्या यादीत चोर एकच आहे, पंखा. तो काढून तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर त्याचे होतात ३०० आणि बेरीज ६९३. इन्व्हर्टरची खोट धरून आठशे. बसतं. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणं किती तरी स्वस्त पडलं. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, कारण पंखा त्या दुकानात विकायला नव्हता.

गॅरंटीचं काय झालं, तेही ऐका. साठ महिन्यांचे दोन भाग असतात हे मला दुकानात परत गेल्यावर कळलं. पहिले काही महिने बदलून मिळते, उरलेले महिने "प्रो-राटा", म्हणजे नव्या बॅटरीवर सूट. ती सूट छापील किमतीवर. आणि छापील किंमत बाजारभावाच्या इतकी वर असते की सूट वजा करूनही जवळपास बाजारभावातच येते. माझी बॅटरी तर बदलून मिळायच्या मुदतीत होती. पण कार्डावर शिक्का नाही, विक्रीची तारीख नाही, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात असं की सोलरवर वापरल्यास मुदत वेगळी. समोर "सोलर" छापायचं आणि मागं सोलरवर वापरू नका म्हणायचं! दुकानदाराचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं तर तुम्ही त्याला टाळाल आणि पुढच्या दुकानात हेच कार्ड घ्याल. बिल, शिक्का, तारीख आणि बॅटरीच्या अंगावर ठोकलेला उत्पादनाचा महिना, हे चारही दुकानातच जुळवून बघा. सहा-आठ महिने गोडाऊनमध्ये न भरता पडलेली बॅटरी नवी नसते, ती फक्त न वापरलेली असते.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "लिथियम घ्या, विषय संपला." विषय संपत नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरी चांगली वस्तू आहे यात वाद नाही. हलकी असते, पाणी घालावं लागत नाही, ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, भरताना-काढताना वीज फार कमी वाया जाते, अर्धवट भरलेली राहिली तरी शिशासारखी रुसत नाही. १२.८ व्होल्ट, १०० एएचची घेतली तर १.२८ युनिट, त्यातलं एक युनिट हाताशी. म्हणजे लिथियमची शंभर शिशाच्या दीडशेला भारी पडते. इथपर्यंत मान्य.

पण हिशोब करा. मला ट्यूब्युलर पंधरा हजारांना मिळाली आणि लिथियमचा भाव सव्वीस हजार सांगितला. माझा वापर रोज ०.६५ युनिटच्या आसपास. ट्यूब्युलर पाच वर्षं चालली तर सुमारे १,१८६ युनिट, म्हणजे युनिटला साडेबारा रुपये. लिथियम आठ वर्षं चालली तर १,८९८ युनिट, युनिटला पावणेचौदा. फरक नाहीच म्हणा. रोज पूर्ण एक युनिट काढणाऱ्याला मात्र तीच लिथियम नऊ रुपयांच्या आत पडते. म्हणजे तुमचा वापर किती यावर उत्तर आहे, बॅटरीच्या नावावर नाही. आणि ती माझी नऊ हजारांची "स्वस्त" बॅटरी? साडेचारशे रात्री, रात्रीला जास्तीत जास्त अर्धा युनिट. सव्वादोनशे युनिट. चाळीस रुपये युनिट! हरभऱ्याचं नुकसान यात धरलेलं नाही.

लिथियममध्येही फसवणूक आहे, फक्त नवीन तऱ्हेची. ई-रिक्षातून किंवा गाडीतून काढलेले जुने सेल नव्या चकचकीत डब्यात भरून येतात. तिथंही काटा कामाला येतो: १०० एएचची खरी लिथियम फॉस्फेट दहा ते तेरा किलोच्या घरात असते. पाच-सहा किलोचा डबा "शंभर" म्हणून दाखवला तर नमस्कार करून बाहेर पडा. आणि व्होल्ट बघून या बॅटरीचा अंदाज येत नाही, ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत व्होल्ट सपाट राहतात. जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब घ्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर इन्व्हर्टरमधून लावा आणि घड्याळ बघा. खरी असेल तर दहा-अकरा तास जळतो. सहा तासांत विझला तर आत काय भरलंय ते कळलं. हीच परीक्षा शिशाच्या दीडशेला लावायची तर सात तासांच्या आसपास थांबवा, ती त्याहून खाली ओढायची नाही. दुकानदार एवढा वेळ थांबू देणार नाही म्हणाल. मग लिहून घ्या की आठ दिवसांत परीक्षेत नापास झाली तर परत. जो लिहून द्यायला तयार होतो तो निम्मा बरा.

शिवाय लिथियमला कंट्रोलरही तसाच लागतो. शिशाच्या बॅटरीसाठी ठेवलेलं इक्वलायझेशन, म्हणजे मधूनमधून दिलेला चढा चार्ज, लिथियमला चालत नाही. जुन्या कंट्रोलरवर नवी लिथियम टाकून "आतलं बीएमएस सांभाळून घेईल" म्हणणाऱ्या मिस्त्रीला पैसे देऊ नका. बीएमएस हा शेवटचा राखणदार आहे, रोजचा गडी नाही.

मग घ्यायची कोणती? ज्या खोपटात रोज माणूस जातो, महिन्याला पाणी बघणारं कोणी आहे, तिथं सी-१० ची उंच ट्यूब्युलर. जिथं पंधरा-पंधरा दिवस कोणी फिरकत नाही, तिथं चांगली लिथियम फॉस्फेट, तिच्या जोगत्या कंट्रोलरसकट. गाडीची बॅटरी कुठंच नाही. हे माझं मत आहे, वाद घालायचा तर आकडे घेऊन घाला.

आपल्या चुकाही कमी नाहीत. माझी बॅटरी टिनाच्या शेडमध्ये होती. मे महिन्यात आपल्याकडं सावलीत चव्वेचाळीस असतं, टिनाखाली किती असेल ते उभं राहून बघा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. साठ महिने लिहिणाऱ्यानं टिनाची शेड धरलेली नसते. पाणी म्हणून बोअरचं पाणी टाकणारे आहेत, फिल्टरचं टाकणारे आहेत. फक्त डिस्टिल्ड. आणि बंद पेटीत, झोपायच्या खोलीत बॅटरी नको. भरताना हायड्रोजन निघतो, तिथं बिडी पेटवायची नाही.

आता साहेब लोकांसाठी दोन शब्द, कारण या पानावर कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळीही असतात. सोलरच्या प्रशिक्षणात मी दोनदा बसलो. पॅनल किती वर्षं टिकतं, अनुदान किती, कागदपत्रं कोणती, सगळं सांगितलं. बॅटरी पाचव्या वर्षी बदलावी लागते आणि तो खर्च प्रकल्प अहवालात कुठल्या रकान्यात टाकायचा, हे कोणी बोललं नाही. पीक संरक्षणाच्या शिफारशीत "सौर कुंपण लावा" एवढं लिहून भागत नाही. कुंपण बॅटरीवर उभं असतं. एक हायड्रोमीटर आणि एक मल्टिमीटर गावात ठेवून चार पोरांना वापरायला शिकवलं तर ते दहा पत्रकांपेक्षा कामी येईल.

आणि एक प्रश्न हल्ली रोज येतो: मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून पाच एचपीचा पंप मिळाला, त्याला बॅटऱ्या लावून रात्री चालवता येईल का? भाऊ, पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, सहा तास चालवला तर बावीस युनिट, मोटरची खोट न धरता. दीडशेच्या एका बॅटरीतून ०.९ युनिट. पंचवीस बॅटऱ्या. पंधरा हजारांनी पावणेचार लाख, आणि पाच वर्षांनी पुन्हा तेवढेच. त्या पंपाला बॅटरी दिलेलीच नाही, ते मुद्दाम. आपल्याला रात्री वीज नको असते, पाणी पाहिजे असतं. दिवसा उन्हात शेततळं किंवा उंचावरची टाकी भरा आणि तिथून ठिबकला सोडा. उंच टाकीतल्या पाण्यातून वीज परत काढायला गेलात तर काहीच मिळणार नाही. दहा हजार लिटर सहा मीटर उंच ठेवले तरी ०.१६ युनिट होतात फक्त. पण पिकाला युनिट नको, पाणी पाहिजे, आणि साठवलेल्या पाण्यावर सल्फेट जमत नाही.

मेलेली बॅटरी मी भंगारवाल्याला फोडू दिली नाही. शिसं आणि ॲसिड धुऱ्यावर सांडलं की ते वावरातच राहतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी वजनावर लावून दिली, आणि वजन याही वेळी माझ्याच काट्यावर केलं.

सध्याची नोंद: नवी ट्यूब्युलर, छप्पन्न किलो, कोठ्यातल्या मातीच्या भिंतीआड, खाली लाकडी फळी. एमपीपीटी कंट्रोलर. पंखा बदलला. काल सकाळी, ऊन पडायच्या आधी, लोड चालू ठेवून १२.३ व्होल्ट. दुपारी पूर्ण भरल्यावर सहा सेल हायड्रोमीटरनं बघितले. पाच सेल १.२४०, तिसरा सेल १.२१५. तिसऱ्यावर लक्ष आहे. पंधरा दिवसांत तो वर आला नाही तर बॅटरी घेऊन दुकानात जाणार, या वेळी शिक्का मारलेलं कार्ड खिशात आहे. काय झालं ते इथंच लिहितो.